अर्धं पान कोरं

प्रिय नगरसेविकाबाई,

आता गावभर तुला हेच म्हणतील, म्हणून एकदा लिहून पाहिलं. मी मात्र ‘तू’च म्हणणार. २१ डिसेंबर २०२५च्या मिरवणुकीतला गुलाल माझ्या स्कूटरच्या सीटच्या शिवणीत बसलाय, निघता निघत नाही. नगरपरिषदेचं मतदान २ तारखेला आणि मोजणी २१ला. मधले दिवस तुझ्या आईने कसे काढले ते आम्ही पाहिलंय. रोज संध्याकाळी येऊन मला विचारायची, ‘भाऊजी, मशिनं नीट ठेवली असतील ना हो?’ जसा काही मीच पहाऱ्यावर होतो.

तू विचारलंस, पहिल्या सभेत काय बोलू. पहिली सभा उपनगराध्यक्षाच्या निवडीत, स्वीकृत सदस्यांत आणि हारतुऱ्यांत जाते. तिथे बोलायला कुणी ठेवत नाही. खरी सभा तिच्या पुढची. इतकी वर्षं प्रशासकाच्या सहीने कारभार चालला, त्यामुळे विषयपत्रिका लांबलचक येईल असं धरून चाल.

मी २९ वर्षं नगरपरिषदेत काढली, त्यातली १७ वर्षं सभा लिपिक म्हणून, म्हणजे सभेचं इतिवृत्त (कामकाजाची नोंद) लिहिणारा. तुझी काकू म्हणते, मी घरातही ठरावाच्या भाषेत बोलतो : ‘भाजी आणणेकामी पिशवी मिळणेबाबत’. चेष्टा सोड, पण ही भाषा शिकून घे. ‘प्रभाग क्र. ४ मधील रस्ता काँक्रिटीकरण करणेकामी प्राप्त न्यूनतम दराच्या निविदेस मंजुरी देणेबाबत.’ विषयपत्रिकेवर एवढी एकच ओळ असते. पैसे कुठल्या योजनेचे, अंदाजपत्रक कितीचं, तांत्रिक मान्यता कुणाची आणि कधीची, निविदा किती आल्या, हे सगळं त्यामागच्या टिपणीत असतं. टिपणी सभेच्या आदल्या दिवसापर्यंत मागून घे. सभागृहात मागितलीस तर ‘फाईल साहेबांच्या टेबलावर आहे’ असं उत्तर येईल, आणि फाईल खरंच तिथे असेल.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती फक्त तुझ्या काकूला माहीत आहे.

विषयपत्रिका संपली की शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असतात, अध्यक्षांच्या परवानगीने येणारे. एका सभेत पाच वाजत आले होते, चहा झाला होता, निम्मे सदस्य उठून गेले होते. मला वरून निरोप आला : इतिवृत्तात शेवटी अर्धं पान कोरं ठेव. मी ठेवलं. चार दिवसांनी चिठ्ठी आली आणि त्या अर्ध्या पानावर मी माझ्याच हाताने पथदिव्यांच्या साहित्य खरेदीचा ठराव उतरवला. सूचक एक, अनुमोदक एक, ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय नेहमीप्रमाणे अर्ध्या मिनिटात पार पडला. कुणी पान उलटलं नाही.

तीन वर्षांनी लेखापरीक्षणात त्या खरेदीवर आक्षेप निघाला आणि हजर सदस्यांकडे खुलासे मागवले. एक वयस्कर सदस्य माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, घडी घालून घालून मऊ झालेलं. त्या दिवशी ते दवाखान्यात होते. हजेरीच्या वहीत त्यांची सही नव्हतीच, पण मी मागच्या सभेची नावं पाहून हजर सदस्यांची यादी उतरवली होती. ‘मी नव्हतो रे,’ एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून ‘मागील इतिवृत्त कायम करणे’ हा विषय आला की घाई करू नकोस. सगळे त्याला नमस्कार-चमत्कार समजतात. तू घरून वाचून जा. तू विरोध केला होतास तो ‘विरोध’ म्हणूनच उतरलाय ना, की ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांत विरघळलाय, ते बघ. नुसतं बोलून विरोध नोंदला जात नाही. ‘माझा विरोध नावानिशी व कारणासह नोंदवावा’ असं त्याच दिवशी लेखी दे, कार्यालयाच्या आवक नोंदीत टाक, दुसऱ्या प्रतीवर पोच घे. शिक्का पुसट असेल तर पुन्हा मारायला लाव. उद्या कुणी १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठराव स्थगित करायला जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं, तर फाईलमधला तो तुझा कागद बोलेल.

ठेक्यांचं तर काय सांगू. कामांची नावं वाच, त्यात गंमत असते. ‘पाटील घर ते कुलकर्णी घर’, ‘कुलकर्णी घर ते मारुती मंदिर’, ‘मारुती मंदिर ते विहीर’. रस्ता एकच, कामं तीन, आणि प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेच्या जरासं खाली. असे तुकडे पाडू नयेत हे सगळ्यांना माहीत असतं. तू फक्त एक प्रश्न विचार : हा रस्ता एकत्र का नाही काढला? भांडायच्या सुरात नको. उत्तर काय येतं ते मात्र इतिवृत्तात येऊ दे.

तीन निविदा आल्या म्हणजे स्पर्धा झाली असंही नाही. तिघांच्या बयाण्याची, म्हणजे निविदेसोबतच्या अनामतीची, रक्कम एकाच खिशातून भरलेली मी पाहिली आहे. उलट कुणी अंदाजपत्रकाच्या एकदम पंचवीस टक्के बिलो, म्हणजे खाली गेला, तर नगरपरिषदेचा फायदा झाला म्हणून टाळ्या वाजवू नकोस. सरकारी दरसूचीत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो हे खरं, पण पंचवीस टक्के नुसत्या नफ्यातून सुटत नाहीत, ते कामातून सुटतात. हिशेब कर. १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद रस्ता, १५ सेंटिमीटर जाडीचा : काँक्रीट लागतं ६० घनमीटर. जाडी १२ केली की ४८. वरून रस्ता तोच दिसतो, नारळही तेवढ्याच थाटात फुटतो. पण १२ घनमीटर म्हणजे ६ घनमीटरचे दोन मिक्सर गावात आलेलेच नसतात.

ते ओळखायचं कसं? काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी जा, टेप घेऊन. कडेच्या पट्ट्या किती उंचीच्या लावल्यात ते बघ, दोन-तीन ठिकाणी मोज, आणि काँक्रीट प्लँटहून आलेल्या गाड्यांची चलनं मोज. कडेला मुरूम भरला की जाडी दिसत नाही. ठेकेदाराला हुकूम सोडू नकोस. ते काम अभियंत्याचं, मोजमाप पुस्तिकाही त्याचीच. तू पाहिलेलं मुख्याधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळव. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुना ठोकळ्यांच्या मजबुतीचा, २८ दिवसांचा अहवाल आल्याशिवाय शेवटचं बिल निघालं का, हे विचारत राहा. आणि रस्त्याआधी पाण्याच्या पाइपलाइनची फाईल कुठवर आली ते बघ. आपल्या गल्लीतला रस्ता नवा झाल्यावर दीड महिन्यात उकरला होता, तुझ्या वडिलांची गाडी त्याच चरात घसरली होती. आठवतंय ना?

आता अवघड विषय. तुझ्या भावाचा जेसीबी. तो ठेकेदार नाही, नुसता भाड्याने जातो, हे मला माहीत आहे. तरी नगरपरिषदेच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर पद जातं, आणि ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात वकील काय काय बसवतील ते सांगता येत नाही. त्याला म्हणावं, पाच वर्षं शेजारच्या तालुक्यात चालव. रागावेल. माझं नाव सांग.

शिवाय तुझ्या जागी घरातलं कुणी ‘मॅडमचा निरोप आहे’ म्हणत ऑफिसात जायला लागलं, तर पहिल्याच दिवशी बंद कर. ५० टक्के आरक्षण आलं तेव्हापासून मी हे पाहत आलोय : खुर्चीवर बाई आणि टेबलाच्या या बाजूला तिचा दीर. शिपाईसुद्धा दिरालाच चहा देतो.

पैशांचं थोडक्यात. १५व्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले, उरलेले अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नाहीत. त्याची मुदत मार्च २०२६अखेरपर्यंतची, तेव्हा खर्चाची धांदल उडेल आणि फायली सहीसाठी पळत सुटतील. पळत आलेल्या फाईलवर लगेच सही करायची नाही, एक रात्र जाऊ द्यायची.

विषयपत्रिका हातात पडली की रविवारी दुपारी ये, चारनंतर. चष्म्याची काडी मोडली आहे, तोवर बसवून घेतो. येताना मागच्या इतिवृत्ताची प्रत आण, नक्कल फी भरून घेतलेली. हल्ली सभा लिपिक आहे तो पोरगा माझ्याच हाताखाली शिकलाय. शेवटी किती जागा सोडतो ते मला बघायचंय.

तुझा,
काका