पंप काढा, पण आधी वायरिंग बघा

प्रश्न : नमस्कार काका. आम्हा तिघा मित्रांचं मिळून १९७७ सालचं सेसना १७२ हे चार सीटचं छोटं विमान आहे. विमान घाटावरच्या हँगरमध्ये असतं, पावसाळा सरला की आम्ही किनाऱ्यावरून फिरतो. त्यातलं हॉरायझन (विमानाचा कल दाखवणारं यंत्र) सुरुवातीला बराच वेळ डुलत राहतं आणि डीजी (दिशा दाखवणारं यंत्र) पंधरा मिनिटांत दहा अंश सरकतो. या दोन्हींतले जायरो, म्हणजे वेगाने फिरणारी चाकं, हवा ओढून फिरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचे ५०० तास भरत आले, म्हणून इंजिनिअरने नवा घालायला सांगितलंय. त्यापेक्षा दोन डिजिटल डिस्प्लेच बसवले तर? एक मित्र म्हणतो, पंप आणि जुनं हॉरायझनही राहू द्या, वीज गेली तर उपयोगी पडेल. तुमचं मत सांगा.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : डिस्प्ले जरूर बसवा. तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र मला पटत नाही. बसवणार असाल तर पंप ठेवू नका.

असं का म्हणतो ते सांगतो. दाबोळीला नौदलाच्या इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर एकदा एका खासगी मालकाच्या चार सीटच्या विमानात तपासणीसाठी बसलो होतो. मे महिना संपत आला होता. मिरगाच्या आधी आपल्याकडची हवा कशी असते ते तुम्ही जाणता. आग्वाद मागे पडलं की समुद्र कुठे संपला आणि आभाळ कुठे लागलं ते कळत नाही, सगळं ताकासारखं पांढरं. बाहेर क्षितिजाची रेघ नसली की पायलटची नजर पॅनेलवरच्या हॉरायझनवर खिळते. त्या दिवशी ते डावीकडे कल दाखवू लागलं, अगदी हळू. पायलटने सवयीने विमान उजवीकडे झुकवून कल काढला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचे हात हलले तेव्हा माझी नजर पंपाची ओढ दाखवणाऱ्या सक्शन गेजवर गेली. पाच इंचांच्या आसपास असायचा तो काटा शून्यावर पडला होता. विमान कुठल्या बाजूला वळतंय ते दाखवणारा, विजेवर चालणारा टर्न कोऑर्डिनेटर स्पष्ट सांगत होता की आपण उजवीकडे वळतोय. मी खिशातला रुमाल काढून हॉरायझनच्या काचेवर खोवला आणि त्याला म्हटलं, आता हे बघूच नको, टर्न बघ आणि कंपास बघ.

खाली आल्यावर पंप खोलला. आतल्या कार्बनच्या पात्यांचा चुरा झाला होता, हाताला चुलीच्या काजळीसारखा लागत होता. इंजिनाकडून फिरवणारं कपलिंग मधोमध तुटलं होतं. ते तुटण्यासाठीच केलेलं असतं, म्हणजे पंप अडकला तरी इंजिनाचे गिअर वाचतात.

पंप एका क्षणात मरतो. जायरो मात्र त्यानंतरही काही मिनिटं फिरत राहतो, आणि वेग उतरेल तसा कणाकणाने कलतो. बिघाड समोर असूनही डोळ्यांना दिसत नाही, आणि माणूस त्या कलाच्या मागे जातो. डिजिटल डिस्प्लेला आपल्या आकड्यांचा भरवसा वाटेनासा झाला की तो तोंडावर लाल फुली मारतो. रंगीत नकाशे आणि मोठे आकडे मला दुय्यम वाटतात, त्या फुलीसाठी मी म्हणतो बदला.

या जुन्या यंत्राबद्दल माझ्या मनात आदरच आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेर काहीही न बघता, विमान उडवून उतरवलं ते स्पेरी कंपनीच्या अशाच हॉरायझन आणि डीजीच्या मदतीने.

आता तुमच्या विमानाबद्दल. डीजी पंधरा मिनिटांत तीन अंश सरकला तर चालून जातं, दहा म्हणजे बहुधा बेअरिंग झिजलंय. खात्री करायची तर इंजिन बंद केल्यावर सगळे गप्प बसा आणि पॅनेलला कान लावा. चांगला जायरो बराच वेळ गुणगुणत शांत होतो, खराब झालेला खरखरत लवकर थांबतो. मध्यवर्ती एअर फिल्टरही काढून बघा. दमट हवेत तो लवकर तुंबतो, आणि डुलणारं हॉरायझन कित्येकदा तेवढ्यानेच सरळ होतं. तरीही तुमच्या जागी मी या दोन जायरोंवर आता पैसा घातला नसता. आज ज्यांच्यावर भरवसा नाही, ते कडक झालेल्या रबरी नळ्यांसकट अडीनडीला कसे कामाला येतील? नवं आणि जुनं वेगवेगळं दाखवू लागलं तर ढगात कोणाचं ऐकाल?

विजेची काळजी रास्त आहे. तिचा उपाय म्हणजे दोन्ही डिस्प्लेंना स्वतःची बॅटरी हवी, आणि वरचा गेला तर खालच्यावर हॉरायझन आणता यायला हवं. गार्मिन कंपनीच्या जी५ या डिस्प्लेची बॅटरी नवी असताना चार तासांपर्यंत चालते, जीआय २७५ ची सुमारे तासभर. मे महिन्याच्या उन्हात बंद कॉकपिट तापतं आणि लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच खातं, म्हणून दरवर्षी ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून तपासा. स्पीड, अल्टिमीटर, कंपास आणि टर्न कोऑर्डिनेटर जागच्या जागी राहू द्या.

डिस्प्लेची ऑर्डर देण्याआधी अल्टरनेटर, व्होल्टेज रेग्युलेटर आणि अर्थिंग तपासून घ्या. खाऱ्या हवेत फिरलेल्या विमानाच्या अर्थिंगच्या बोल्टवर गंजाची हिरवी-पांढरी बुरशी हमखास सापडते. नवा डिस्प्ले मध्येच बंद होतो म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींत दोष बहुतेक वेळा डिस्प्लेत नव्हता, अशा एखाद्या बोल्टखाली होता.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे डिस्प्लेला दिशा कळवणारा चुंबकीय सेन्सर, पंखात लोखंड आणि जाड तारांपासून लांब बसवा. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून लँडिंग लाइट, स्ट्रोब, पिटोट हीट (हवेचा वेग मोजणारी पिटोट नळी तापवणारा हीटर) एकेक करून लावा आणि हेडिंगकडे, म्हणजे दिशेच्या आकड्याकडे बघा. दिवा लावताच आकडा हलला तर मॅग्नेटोमीटरची जागा चुकली. तिथे कामगाराच्या घाईला बळी पडू नका.

पिटोट नळीवरचं झाकण तर विसरूच नका. कुंभारीण माशी दोन दिवसांत त्यात मातीचं घर करते. यातले बरेच डिस्प्ले आपलं क्षितिज ताळ्यावर ठेवायला हवेचा वेग किंवा जीपीएस वापरतात, त्यामुळे नळी तुंबली की फटका फक्त स्पीडलाच बसेल असं नाही.

ऑटोपायलट असेल तर तो कल कुठून घेतो ते आधी शोधा. काही जुने ऑटोपायलट व्हॅक्यूम जायरोवरच टेकलेले असतात, पंप काढला की तेही गेले. कागदपत्रांचं म्हणाल तर अमेरिकेची एसटीसी, म्हणजे विमानात असा बदल करायची मान्यता, व्हीटी म्हणजे भारतीय नोंदणीच्या विमानाला आपोआप लागू होईल असं धरून चालू नका. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता हातात आल्याशिवाय पॅनेलला स्क्रूड्रायव्हर लावू देऊ नका. जी५ घरी बांधलेल्या विमानांसाठीही विकला जातो. दिसायला तोच, दर कमी, पण तुमच्या विमानात तो चालणार नाही.

प्रश्न : वास्कोच्या भंगारवाल्याकडे मला विमानाचं एक जुनं हॉरायझन मिळालं. आकड्यांवर पिवळट रंग आहे, अंधारात चमकत नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावून नववीच्या मुलांना फिरवून दाखवू का?
— विज्ञान शिक्षक, फोंडा

उत्तर : सर, ते शाळेत नेऊ नका आणि काच तर मुळीच उघडू नका. जुन्या डायलवरचा असा रंग रेडियमचा असू शकतो. त्यातलं चमकणारं द्रव्य थकतं म्हणून उजेड जातो, रेडियम मात्र तसंच राहतं. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे १६०० वर्षं लागतात. पिशवीत घट्ट बांधून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि सरकारी किरणोत्सर्ग तज्ज्ञांना विचारून मगच त्याची विल्हेवाट लावा.

मुलांसाठी सायकलचं चाक आणा. आसाच्या एका टोकाला दोरी बांधून चाक जोरात फिरवा आणि दुसरं टोक सोडून द्या. चाक खाली न पडता उभंच राहील आणि दोरीभोवती सावकाश गोल फिरू लागेल. मग हाताने त्याचा वेग थोडा कमी करा आणि आस कसा खाली झुकतो ते मुलांना जवळून बघू द्या. आग्वादच्या पुढे आमच्या विमानातल्या जायरोचा वेग असाच उतरत गेला होता.