प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे तर

चाळिशीनंतर पीएच.डी.साठी अर्ज करणे शोभते का, हा प्रश्न घेऊन कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या प्राध्यापकांपैकी बहुतेकांनी उत्तर मनाशी आधीच ठरवलेले असते. अर्थशास्त्राचे एक सहायक प्राध्यापक असेच आले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). वय ४३, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, सोळा वर्षांची नोकरी. सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी.ची अट नसली, तरी सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी ती लागतेच, आणि तेथेच त्यांची गाडी अडली होती.

पहिल्या भेटीत सर फक्त नियमांबद्दल बोलले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार किमान तीन व कमाल सहा वर्षे, नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र, शिवाय कोर्सवर्क. हे सारे त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. ज्याला नियम इतके तोंडपाठ असतात, त्याची अडचण सहसा नियमांत नसते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी संशोधन आराखडा दाखवला. विषय होता 'जागतिकीकरणाचे भारतीय शेतीवरील परिणाम', म्हणजे कुणाचाही असू शकेल असा. त्याच फाइलच्या मागच्या कप्प्यात मात्र गुळाच्या सौद्याच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, होत्या. वडिलांचे गुऱ्हाळ बंद पडेपर्यंतच्या त्या पट्ट्यांवर रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, दर, अडत, हमाली, तोलाई ओळीने लिहिलेली होती. सर त्यांविषयी वीस मिनिटे बोलले: कारखाना उसाला दर देतो आणि गुऱ्हाळाला मजूर मिळत नाहीत, तरी काही शेतकरी गूळच का करतात? मी म्हटले, "सर, आराखडा तर हा आहे." यावर ते गप्प झाले आणि बऱ्याच वेळाने हा विषय न घेण्याचे खरे कारण सांगितले.

या विषयाचे जाणकार असलेले आणि सध्या जागा रिकामी असलेले मार्गदर्शक एकच होते (सहयोगी प्राध्यापकाला एका वेळी सहाच संशोधक घेता येतात), आणि ते सरांचे जुने विद्यार्थी निघाले. "मॅडम, ज्याला वर्गाबाहेर उभं केलं, त्याला आता अहोजाहो कसं करायचं?"

माझ्या मते ही लाज क्षुल्लक नव्हे; आपल्याकडे गुरुशिष्याचे नाते हुद्द्याने उलटत नाही, त्यामुळे तुम्ही अहंकारी आहात असे सांगून मी त्यांची बोळवण केली नाही. आम्ही पहिल्या फोनची तालीम केली, अगदी पहिल्या वाक्यापासून.

तिसऱ्या भेटीत त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "अरे" म्हणाले, थांबले, मग "सर, वेळ आहे का?" असे विचारले. पलीकडचे हसणे मलाही ऐकू आले. "सर, तुम्ही अरेच म्हणा. पण आराखडा शुक्रवारपर्यंत पाठवा, आणि पट्ट्यांची झेरॉक्स जोडा."