पीईटी-सीटी झालेला असताना रेडिएशनसाठी पुन्हा सीटी म्हणजे लूट आहे का?

नाही. नवी मुंबईत बारा वर्षं लिनॅकवर, म्हणजे रेडिएशन देणाऱ्या मशीनवर, काम करतोय. 'लूट' हा शब्द मी सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या वडिलांच्या पीईटीने जिभेचा आजार कुठवर गेलाय ते सांगितलं. रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी सपाट टेबलावर, डोकं हलू नये म्हणून जाळीचा मास्क बांधून, रोज जसं झोपवणार तसंच झोपवून काढतात. त्यातल्या एचयू आकड्यांवरून, म्हणजे कुठला भाग किती घट्ट आहे त्यावरून, डोसचं गणित होतं. मान जराशी वळलेली असली तरी ते चुकतं.

आमच्या अण्णांना उजव्या गालाचा कॅन्सर होता. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे 60 ग्रे (डोसचं माप), 30 फ्रॅक्शनमध्ये, म्हणजे 30 वेळा विभागून. ते कळव्याला दादाकडे राहायचे. सतराव्या दिवशी मास्कच्या क्लिपा मीच लावल्या आणि गालाशी माझं बोट सहज आत गेलं. पहिल्या आठवड्यात त्याच मास्कच्या जाळीचे वळ कातडीवर उमटायचे. वजन 64 वरून 57 वर आलं होतं. उपचाराच्या मशीनवरच काढतात त्या सीबीसीटी स्कॅनमध्ये मानेची कड प्लॅनमधल्या रेघेच्या आत गेलेली आणि डावी पॅरोटिड, म्हणजे कानापुढची लाळेची ग्रंथी, आक्रसून जास्त डोसच्या बाजूला सरकलेली. डॉक्टर म्हणाले, नवा मास्क, नवा सीटी. दादा कॉरिडॉरमध्येच ओरडला, "एकदा झालाय ना सीटी? तुम्ही लोक घरच्यांनाही सोडत नाही!"

सीटी केला. जुना प्लॅन त्यावर टाकून पाहिला तर डाव्या पॅरोटिडचा सरासरी डोस 26 ग्रेच्या मर्यादेच्या वर जात होता. नव्या प्लॅनमध्ये तो 24 वर आला. ही ग्रंथी वाचली की बरीचशी लाळ वाचते. आज चार वर्षांनी अण्णा दादाच्याच घरी भाकरी आमटीत न बुडवता खातात. दादा रोज समोर बसतो, त्याने ते बघावं.

ड्युअल एनर्जीवालं, म्हणजे दोन वेगळ्या ताकदीच्या एक्स-रेंनी स्कॅन करणारं सीटी मशीन शोधावं का, असंही विचारलंय तुम्ही. दातांवर कॅप किंवा चांदी असेल तर तोंडाच्या सीटीत काळ्या-पांढऱ्या रेघा येतात आणि जिभेची गाठ नेमकी त्यात हरवते. ड्युअल एनर्जीने त्या रेघा कमी होतात, कॉन्ट्रास्टही (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध) ठळक दिसतो. पण साध्या मशीनवरही त्यासाठी सॉफ्टवेअर असतं, आणि उरलेला भाग फिजिसिस्ट हाताने आखून तिथे पाण्याची घनता भरतात. मशीनसाठी ठाणे-मुंबई पालथी घालू नका. ऑपरेशन झालं असेल तर सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं. दात काढायचे असतील तर मास्कच्या आधी काढा, जखम भरायला किमान दोन आठवडे लागतात.

असा मधेच नवा प्लॅन (रीप्लॅन) सगळ्यांनाच लागत नाही हेही खरं. पीईटीच मास्क घालून, सपाट टेबलावर केला असेल तर डॉक्टर तोच वापरू शकतात. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मात्र दाखवा.

मधेच पुन्हा सीटी लागला तर किती पैसे, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून घरात सगळ्यांना सांगा. आम्ही ते केलं नव्हतं.