नाइट म्हणजे शिलेदार?

प्रश्न असा आला आहे: सोळाव्या शतकातला इटालियन कवी टास्सो, त्याच्या महाकाव्यातल्या टँक्रेडी आणि क्लोरिंडाच्या प्रसंगाचं एक जुनं इटालियन शाईचं रेखाटन आहे. त्याखाली मराठी ओळ लिहायची, तर ‘नाइट’साठी (knight, मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा) ‘शिलेदार’ चालेल का?

अर्धा चालेल. इटालियनमध्ये नाइट म्हणजे ‘काव्हालिएरे’, आणि त्याच्या मुळाशी ‘काव्हाल्लो’ म्हणजे घोडा आहे. आपल्याकडेही शिलेदाराचा घोडा नि हत्यार स्वतःचं. सरकारी पागेतला घोडा मिळे तो बारगीर. शब्द फारसी ‘सिलाहदार’वरून आला, म्हणजे हत्यारबंद. इथवर सारं जुळतं. पण शिलेदारी ही चाकरीची एक तऱ्हा होती. नाइट होण्यासाठी दीक्षाविधी असे, आणि शौर्य, स्त्रीदाक्षिण्य, शत्रूशीही सभ्यतेनं वागणं हे सगळं त्यात गृहीत असे (निदान काव्यात तरी!).

आणि नेमका हाच प्रसंग त्यावर बेतलेला आहे. टास्सोचं ‘मुक्त जेरुसलेम’ १५८१ साली छापलं गेलं. विषय पहिल्या धर्मयुद्धाचा, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुस्लिम सैन्यांत झालेल्या लढाईचा. बाराव्या सर्गात क्लोरिंडा, शत्रुपक्षाची वीरांगना, रात्री ख्रिस्ती सैन्याचा लाकडी बुरूज जाळते, पण परतताना शहराचा दरवाजा बंद होतो. तिच्या अंगावर नेहमीचं चिलखत नसल्यानं ख्रिस्ती सैन्यातला नाइट टँक्रेडी तिला ओळखत नाही. तो घोड्यावर, ती पायी. हे दिसताच तो स्वतःही खाली उतरतो. रात्रभर लढाई होते. ती कोसळते, बाप्तिस्मा मागते. तो शिरस्त्राणात ओढ्याचं पाणी आणतो, तिचा चेहरा उघडतो, तेव्हा कळतं की आपलं जिच्यावर प्रेम होतं तीच ही.

घोड्यावरून उतरण्याचं ते पाऊल ‘शिलेदार’ या शब्दात मावत नाही. शिवाय हल्ली तो ‘पक्षाचे शिलेदार’ म्हणून इतका झिजला आहे की टँक्रेडी कुठल्या तरी आघाडीचा जिल्हाध्यक्ष वाटायचा. ‘नाइट’च ठेवा. काव्यप्रकाराला मात्र नुसतं ‘वीरकाव्य’ म्हणू नका, वाचकाला पोवाडा आठवेल. ‘वीरशृंगाराचं महाकाव्य’ म्हणा, कारण प्रेम इथे युद्धाच्या बरोबरीनं आहे.

ओळ अशी लिहिता येईल: ‘नाइट टँक्रेडी मरणोन्मुख क्लोरिंडाला बाप्तिस्मा देताना; लेखणी, तपकिरी शाई आणि वॉश’. ‘वॉश’ला, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईच्या हाताला, प्रतिशब्द शोधू नका. आपले चित्रकार तेच म्हणतात.