सी ड्राइव्ह भरला : काय डिलीट करावे, कशाला हात लावू नये?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या जुन्या सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ आहे. ६० जीबीच्या सी ड्राइव्हवर जेमतेम ८०० एमबी जागा उरली आहे. डी ड्राइव्ह मात्र बराच रिकामा आहे. विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये ‘कॅब’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, प्रत्येकी शंभरेक एमबीच्या दीडशेच्या वर फायली आहेत. शिवाय विनएसएक्सएस हा फोल्डर १४ जीबीचा दिसतो. दोन्ही डिलीट केले तर चालेल का?

उत्तर : टेम्पमधील कॅब फायली अवश्य डिलीट कराव्यात, विनएसएक्सएसमधील एकही फाइल हाताने काढू नये.

कॅब फायलींचे मूळ बहुधा विंडोजच्या लॉग्ज फोल्डरातील सीबीएस या उपफोल्डरात सापडेल. अपडेट बसवतानाच्या घडामोडींची नोंद तेथे होते. ही नोंदीची फाइल मोठी झाली की ‘सीबीएस पर्सिस्ट’ या नावाने बाजूला ठेवली जाते आणि मेककॅब हा प्रोग्राम तिचे आकारमान दाबून कमी करतो. फाइल २ जीबीच्या पुढे गेली असेल, तर मेककॅबला हे काम पेलत नाही. तो अर्धवट कॅब फाइल (दाबून लहान केलेली फाइल) टेम्पमध्ये तशीच सोडून देतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तोच खटाटोप करून आणखी एक मागे ठेवतो. म्हणून केवळ टेम्प साफ केल्यास ड्राइव्ह पुन्हा भरतो, आणि दोष विनाकारण व्हायरसला दिला जातो. प्रथम ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ ही अपडेट बसवणारी सर्व्हिस थांबवावी, नंतर ती अवाढव्य पर्सिस्ट फाइल काढावी आणि मगच कॅब फायली.

विनएसएक्सएस म्हणजे विंडोजच्या घटकांचा आणि अपडेटचा साठा. त्याचा १४ जीबी हा आकडा फसवा आहे. तेथील बऱ्याच फायली सिस्टिम फोल्डरांतील फायलींशी हार्ड लिंकने (एकाच फाइलला दोन नावे देण्याच्या सोयीने) जोडलेल्या असल्याने एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. डिस्म या विंडोजच्या देखभालीच्या आज्ञेचा ‘ॲनालाइझ कंपोनंट स्टोअर’ हा पर्याय खरा आकार सांगतो, आणि ‘स्टार्ट कंपोनंट क्लीनअप’ जुन्या अपडेटच्या निरुपयोगी झालेल्या आवृत्त्या सुरक्षितपणे काढतो. त्यापुढे ‘रीसेट बेस’ जोडल्यास आणखी जागा मिळते. परंतु आधी बसवलेले अपडेट मग काढता येत नाहीत, म्हणून बॅकअप घेतल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नये.

विंडोजमधील इन्स्टॉलर हा लपलेला फोल्डरही अनेकांना कचरा वाटतो. तो रिकामा केल्यास सॉफ्टवेअर अद्ययावत करणे किंवा काढणे पुढे अडते.

याउपर जागा कमी पडल्यास पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) डी ड्राइव्हवर हलवावी, मात्र सी ड्राइव्हवर लहानशी पेजफाइल ठेवावी, कारण सर्व्हर कोसळल्यास कारण शोधण्यासाठी लागणारा मेमरी डंप (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) तिच्या आधारे लिहिला जातो. या बदलासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. तो दिवसाखेरचा हिशेब बंद झाल्यावरच करावा.