काळी चंद्रकळा आणि पांढरे मैदान

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या सोमवारी सकाळी शाळेला निघताना तू मला एक प्रश्न विचारलास आणि उत्तराची वाट न पाहता त्याला दुसरा जोडलास. आजी एरवी सणासुदीला काळे घालू देत नाही, तुझा वाढदिवसाचा काळा फ्रॉकसुद्धा तिने बदलायला लावला होता, मग संक्रांतीलाच काळे का, हा पहिला प्रश्न. संक्रांतीपासून सूर्य आपल्याकडे परत यायला लागतो असे म्हणतात, मग वर्षातली सगळ्यांत वाईट थंडी नेमकी याच आठवड्यात का पडली, हा दुसरा. त्या वेळी बाहेर उणे 31 अंश होते, रात्रभर इंजिन गरम ठेवणारी विजेची तार मी गाडीपुढे वाकून सोडवत होतो आणि हातमोजा काढल्यामुळे बोटे बधिर झाली होती. म्हणून "नंतर सांगतो" एवढेच म्हणालो. आज रविवारी रात्री निवांतपणे ते लिहीत आहे. वाचताना एखादा शब्द अडला तर त्याच्याखाली रेघ ओढून ठेव, आपण सकाळी पाहू.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तराशिवाय पहिल्याचे उत्तर नीट कळणार नाही.

सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. फार पूर्वी हे वळणे आणि सूर्याचे मकर राशीत शिरणे एकाच सुमारास होत असे. परंतु पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे डोलत असल्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली संक्रांत साधारण सत्तर वर्षांना एक दिवस या गतीने पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी झाला, त्या दिवशी मकर संक्रांत होती; आता ती 14 किंवा 15 जानेवारीला येते. म्हणजे आपण संक्रांत साजरी करतो तोवर दिवस मोठा होऊ लागून तीन आठवडे झालेले असतात. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आपल्या या फार्गोत डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो, आणि आता तो नऊ तासांच्या जवळ पोहोचला आहे. तेव्हा सूर्य परत येतो आहे ही गोष्ट खरीच आहे, आजीने तुला काही चुकीचे सांगितलेले नाही.

मग थंडी का वाढते? तुझा मातीचा गल्ला डोळ्यांपुढे आण. समज, तू रोज त्यात पाच नाणी टाकतेस आणि रोज दहा काढतेस. उद्यापासून पाचांऐवजी सहा टाकू लागलीस, तरी गल्ला रिकामाच होत जाणार, कारण काढणे अजून टाकण्यापेक्षा जास्त आहे. जमिनीचे तसेच असते. सूर्याकडून येणारी ऊब डिसेंबरअखेरीपासून रोज थोडी थोडी वाढते, परंतु लांबलचक रात्रींत आकाशाकडे निघून जाणारी ऊब त्याहून अधिक असते, त्यामुळे गल्ला जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत घटतच राहतो. ज्या दिवशी टाकणे आणि काढणे सारखे होते, त्या दिवसानंतर थंडी उतरू लागते.

आपल्या या मैदानात आणखी एक अडचण आहे, आणि तीच तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे नेते. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातला शंभरांतला ऐंशी-नव्वद भाग तसाच परत फेकतो. म्हणूनच बर्फावर चालताना तुझे डोळे दिपतात. एक तर दुपारी बारा वाजतासुद्धा सूर्य इथे क्षितिजापासून जेमतेम 22 अंश वर येतो (आपल्या गावी, निफाडला, आजच्या दिवशी तो 48 अंशांच्या पुढे असतो), आणि जे थोडे ऊन तिरकस येते तेही पांढरी जमीन परतवून लावते. गल्ल्यात टाकलेली नाणी गल्ल्यानेच बाहेर उडवावीत, तसा हा प्रकार आहे. बर्फ पडला की थंडी वाढते आणि थंडी वाढली की बर्फ टिकतो.

आता या आठवड्याबद्दल थोडे. हिमवादळ म्हणजे खूप बर्फ पडणे, असे तू वहीत लिहिले होतेस, पण ते तसे नाही. इथल्या हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे ताशी 56 किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा किंवा तेवढे वारंवार झोत असावे लागतात, पाव मैलापलीकडचे दिसेनासे व्हावे लागते आणि ही स्थिती निदान तीन तास टिकावी लागते. नवा बर्फ पडलाच पाहिजे असे त्यात कुठेही नाही. मंगळवारी आकाश निळे होते, तरी खिडकीतून समोरचे घर दिसत नव्हते, ते याचमुळे. आधी पडलेला बर्फच वारा जमिनीवरून उचलून नेत होता. रेड नदीचे हे खोरे म्हणजे हिमयुगाच्या शेवटी इथे असलेल्या अ‍ॅगॅसिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे. सरोवराच्या तळासारखे ते सपाट आहे, आणि वाऱ्याला अडवायला ना डोंगर, ना राई. त्या दिवशी मी तुला कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडेही जाऊ दिले नाही म्हणून तू रुसलीस. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी उणे 40 च्या खाली गेली की उघडी त्वचा दहा मिनिटांच्या आत गोठू शकते, आणि पांढऱ्यावर पांढरे उडत असताना ओळखीचे अंगणही ओळखू येत नाही. 12 जानेवारी 1888 रोजी याच मैदानात सकाळ बरीच उबदार होती, मुले हलके कपडे घालून शाळेत गेली, आणि दिवसा अचानक वायव्येकडून आलेल्या हिमवादळात दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती. ती हकिगत मला ठाऊक आहे म्हणून मी तुला थांबवले, आणि पुढेही थांबवीन.

आता काळ्या कपड्यांकडे येतो. आजीला हा प्रश्न मी तुझ्याएवढा असताना विचारला होता, तेव्हा ती म्हणाली होती, "थंडीत काळं ऊन धरतं, बाळा." काळा रंग अंगावर पडलेला बहुतेक उजेड शोषून घेतो आणि त्याची ऊब होते; पांढरा तो परत पाठवतो. एवढेच ते कारण आहे. एरवी आपल्याकडे काळा रंग अंधाराचा आणि अशुभाचा मानतात, म्हणून मंगल कार्यात तो टाळतात. परंतु वर्षातल्या ज्या एका सणाचा विषयच ऊन आणि ऊब हा आहे, त्या सणाला तो मान देऊन बोलावतात. लेकी-सुनांना काळी चंद्रकळा नेसवतात, आणि नव्या सुनेला व लहान बाळाला काळ्या कपड्यांवर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने घालतात. मला हे फार शहाणपणाचे वाटते. नियम केला, आणि गरज पडली तिथे त्याच माणसांनी तो मोकळ्या मनाने बाजूला ठेवला.

केवळ माझ्या किंवा आजीच्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असे मला वाटत नव्हते, म्हणून आज दुपारी आपण अंगणात तो प्रयोग केला. तुझ्या परकर-पोलक्यासाठी आजीची जुनी चंद्रकळा फाडल्यावर उरलेला वीतभर तुकडा आणि तेवढाच पांढऱ्या पंच्याचा तुकडा आपण दक्षिणेकडच्या भिंतीजवळ बर्फावर शेजारी शेजारी पसरले. वारा पडला होता, ऊन स्वच्छ होते, पारा उणे 4 पर्यंत चढला होता. दोन तासांनी तू स्वतः बोट घालून पाहिलेस: पांढरा तुकडा ठेवला तसाच वर होता, आणि काळा अर्ध्या पेराएवढा खाली बसला होता. त्याच्या जरीच्या काठाशी बर्फ ओला होऊन काचेसारखा चकाकत होता. हाच प्रयोग अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी शिंप्याकडच्या रंगीत कापडांचे तुकडे बर्फावर ठेवून केला होता आणि 1761 साली एका तरुण मुलीला पत्रातून कळवला होता. निफाडच्या तुझ्या आजीने त्यांचे नाव ऐकलेले नव्हते, तरी दोघांचे निरीक्षण एकच होते.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सोमवारच्या उणे 31 अंशांत आणि त्या वाऱ्यात नुसत्या काळ्या रंगाने काहीही झाले नसते. चंद्रकळा ही आपल्याकडच्या थंडीसाठी आहे. निफाड महाराष्ट्रातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक गणले जाते, तिथे पारा पाच-सहा अंशांवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते. तशा पहाटे आम्ही द्राक्षबागेत ओळींच्या मधे शेकोट्या पेटवत असू आणि विहिरीचे पाणी बागेला सोडत असू, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा कोमट असते आणि गारठ्याने मणी तडकले तर वर्षाची मेहनत वाया जाते. शेकोटीपासून उठून घरी आलो की आजी गोधडीत गुंडाळून बसवायची. ती गोधडी इथल्या थंडीत अधिक उपयोगाची आहे. जुन्या साड्या एकावर एक ठेवून बारीक टाके घातले की थरांमध्ये हवा कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुझ्या जाड जाकिटात पिसे भरली आहेत तीही याचसाठी. म्हणून यंदा तू आतून लोकरीचे दोन थर, त्यावर काळे परकर-पोलके आणि बाहेर जाताना सर्वांवर जाकीट असा वेष केलास, तो अगदी बरोबर होता. तुझे परकर-पोलके जाकिटाखाली कुणाला दिसले नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

खाण्याचेही तसेच आहे. तिळाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग तेल असतो, त्यामुळे थंडीत अंगाला लागणारी ताकद मूठभर तिळांतून मिळते. भोगीच्या दिवशी आपण बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लोणी खाल्ले. भाजीत वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा होता, फक्त हरभरा इथे गोठवलेल्या पाकिटातला मिळाला आणि बोरे मिळालीच नाहीत. "न खाई भोगी तो सदा रोगी" असे आजी फोनवर म्हणाली, ते तू ऐकलेच आहेस.

हलव्याबद्दल मात्र मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण या आठवड्यात मला एक गोष्ट नव्याने दिसली. हलवा करताना आजी मंद शेगडीवर परात ठेवून त्यात तीळ घालत असे, वरून साखरेच्या पाकाचा एक चमचा सोडत असे आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहत असे. पाक वाळला की पुन्हा एक चमचा. असे तासन्‌तास, कधी दोन-दोन दिवस. तिळाभोवती साखरेचा थरावर थर चढत जाई आणि मग एकाएकी बारीक काटे फुटू लागत. कोरड्या थंडीत काटा चांगला येतो, म्हणून ती पहाटेच बसायची. बुधवारी संध्याकाळी तुझ्या काळ्या हातमोज्यावर बर्फाचा कण पडला आणि तू मला तो दाखवलास, तेव्हा मला ती परात आठवली. हिमकणही असाच वाढतो: हवेतल्या धुळीच्या एखाद्या कणाभोवती वाफ गोठते, थरावर थर चढतो आणि सहा बाजूंना काटे फुटतात. ताऱ्यासारखे फुललेले कण उणे 15 अंशांच्या आसपास उत्तम वाढतात. त्याहून फार खाली गेले की नुसती चमचमती भुकटी पडते, सोमवारी पडली तशी. काळा हातमोजा नसता तर तो कण आपल्याला दिसलाही नसता.

हलव्याच्या साखरेचेही एक गंमतशीर नाते आहे. निफाडला साखर म्हणजे ऊस, पण इथे नदीपलीकडच्या मूरहेडच्या कारखान्यात ती बीटापासून होते. ऑक्टोबरमध्ये काढलेल्या बीटांचे ढीग उघड्यावर रचून ठेवतात, थंडीत ते गोठून टिकतात आणि कारखाना हिवाळाभर चालतो. ज्या थंडीने तुझी शाळा दोन तास उशिरा भरली, तिनेच ती बीटे राखली. आणि त्या बीटांची जमीन बर्फाखाली काळीभोर चिकणमाती आहे, आपल्या निफाडच्या काळ्या मातीसारखीच, ओली झाली की फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. मे महिन्यात ती उघडी पडली की सगळे मैदानच चंद्रकळा नेसल्यासारखे दिसेल आणि ऊन धरू लागेल. तेव्हा तुला घेऊन जाऊन दाखवीन.

उद्या शाळेतून आल्यावर एक काम कर. शेजारच्या नॉर्वेजियन आजींनी मंगळवारच्या वादळानंतर न सांगता आपल्या दारापुढचा बर्फ काढून दिला आणि वर बटाट्याच्या पातळ लेफ्सेही पाठवल्या, ज्या तुला पुरणाशिवायच्या पोळ्या वाटल्या. त्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही. त्यात तिळाच्या वड्या आणि थोडा हलवा भर, काळे परकर-पोलके घालून जा आणि "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" हे आधी मराठीतच म्हण, मग अर्थ सांग. त्या विचारतील की काळे का. प्रयोगाचा तुकडा बरोबर ने.

तुझा,
बाबा