"मी खरं बोलतो, त्यात माझं काय चुकलं?"

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच अंदाज येतो. "मॅडम, मी तोंडावर बोलतो. मला गोडगोड बोलता येत नाही. लोकांना झोंबतं, त्याला मी काय करू?" जळगावात समुपदेशनाची प्रॅक्टिस करताना तर हे जास्तच ऐकायला मिळतं कारण आपल्या खान्देशी माणसाला या गोष्टीचा अभिमान असतो, पोटात एक ओठात एक आपल्याला जमत नाही हे तो सोयरीक जमवतानासुद्धा छाती काढून सांगतो. आधी ही तक्रार घरातली असायची, सासू-सून, भाऊबंदकी, शेताचा बांध वगैरे. आता ती कंपनीच्या अप्रेझलमधून, म्हणजे कामाच्या मूल्यमापनातून येते, आणि इंग्रजीत येते.

नितीनची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेत, त्याला विचारूनच लिहितेय. अमळनेर तालुक्यातला मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, इंग्लंडच्या क्लायंटचं काम. वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आला होता, जेवण कमी, झोप नाही, म्हणून वडीलच घेऊन आले. आप्पांनी बसल्याबसल्या विषय संपवायचाच प्रयत्न केला, "ताई, मना पोऱ्या खरं बोलस, त्यामा काय चुकनं?"

नितीनने मोबाईलवर रिव्ह्यू उघडून माझ्यासमोर धरला. मॅनेजरने लिहिलेलं ब्लंट. क्लायंटच्या बाईंनी लिहिलेलं कर्ट. टीममधल्या मित्राने लिहिलेलं फ्रँक, आणि पुढे स्माइली. आणि स्वतःच्या स्ट्रेंग्थच्या रकान्यात त्याने स्वतःच लिहिलेलं, आउटस्पोकन.

"मॅडम मी डिक्शनरीत बघितलं, फिरून फिरून स्पष्टवक्ताच येतंय. मग मला शिवी दिलीय का शाबासकी तेच कळत नाहीये."

मला हा प्रश्न फार आवडला. बरेच जण येतात ते थेट जखम घेऊन, हा जखमेचं स्पेलिंग घेऊन आला होता. त्यामुळे आमची पहिली भेट इंग्रजीच्या तासासारखी झाली आणि खरं सांगू, मला त्यात मजा आली, मी एमए इंग्रजी करून मग सायकॉलॉजीकडे वळलेली बाई आहे.

फ्रँक हा शब्द फ्रँक लोकांच्या नावावरून आला. एकेकाळी आजच्या फ्रान्सच्या भागावर त्यांचं राज्य, स्वतंत्र माणूस म्हणजे फ्रँक. तर फ्रँक बोलणं म्हणजे मोकळं बोलणं, काही दाबून न ठेवता, आणि त्यात समोरच्यालाही तितकंच मोकळं उत्तर द्यायची मुभा असते. म्हणून तो मित्रांत शोभतो. आउटस्पोकन वेगळा, तो चारचौघांत मत मांडण्याबद्दल आहे, ग्रामसभेत सगळे गप्प असताना एकजण उठून सरपंचांना हिशोब विचारतो तो आउटस्पोकन. कौतुकानेही म्हणतात आणि कपाळाला आठी घालूनही म्हणतात. कर्टचा तर खरेखोटेपणाशी काही संबंधच नाही, लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'आखूड केलेलं' असं आहे. नोटेड. ओके. सी अबव्ह. एवढंच लिहून पाठवलं की झालं कर्ट.

आणि ब्लंट. ब्लंट म्हणजे बोथट. इथे नितीन चमकला, कारण आपल्याकडे असं बोलणाऱ्याच्या जिभेला धार आहे म्हणतात आणि इंग्रजी बरोबर उलट म्हणतंय, धारच नाही. मी त्याला म्हटलं, माय टमाटा चिरते तेव्हा विळीला धार नसेल तर काय होतं? म्हणाला चेंगरतो. बस. ब्लंट बोलणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, त्याची गोष्ट खरीही असते, पण समोरच्याला कुठे कसं लागेल याचा विचार केलेला नसतो. मुद्दाम अपमान केला की तो रूड, तिथपर्यंत कोणीच तुला नेलेलं नाही हेही बघ म्हटलं. हे ऐकून आप्पांचाच चेहरा आधी सैल झाला.

यात एक गंमत आहेच. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर सांगितली होती तीच, की मी ठाम असतो, तू हट्टी असतोस आणि तो तिसरा अडेलतट्टू मूर्ख असतो. तसंच मी फ्रँक, तू ब्लंट, तो रूड. माझ्याकडे येणारे नवरा-बायको तर हे वाक्य जगत असतात. पण सगळं एवढ्यावर ढकलता येत नाही, कारण मॅनेजरला नितीनशी काही वैर नव्हतं.

पुढच्या भेटीत मी त्याला घरचं विचारलं. थंडीत मळ्यात भरिताची पार्टी झाली होती, भरीत नितीनने केलेलं, मोठ्या काकांनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मीठ नाही तिखट नाही, हे केलं कोणी?

"राग आला?"

"नाही हो. हसलो."

"का?"

"काकांचं काय मॅडम. माझ्या अ‍ॅडमिशनला त्यांनीच घरातला कापूस विकून पैसे दिले होते."

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग विचारलं, "आणि त्या क्लायंटच्या बाईंना तुझ्याकडून आजवर असं काय मिळालंय?"

हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि मी ते जवळपास प्रत्येकाला सांगते. आपल्या गावात ब्लंट बोलणं चालून जातं ते आपली माणसं जाड कातडीची आहेत म्हणून नाही, तर त्या बोलण्याच्या खाली वर्षानुवर्षांची देवाणघेवाण असते. ईमेलमध्ये ती नसते, तिथे नुसतं वाक्य पोचतं.

पण खरी गाठ सुटली ती याच्याही पुढच्या खेपेला. मी त्याला ज्या मेलवरून कर्ट हा शब्द आला असेल तो वाचायला सांगितला. दोनच वाक्यं होती. धिस इज राँग. प्लीज रीड द डॉक्युमेंट अगेन.

"बरोबर होतं का तुझं?"

"हो... म्हणजे अर्धं."

"अर्धं म्हणजे?"

तो मोबाईलची स्क्रीन बंद-चालू करत बसला. मग म्हणाला, "त्या डॉक्युमेंटमधला एक भाग मलाच कळला नव्हता मॅडम. विचारलं असतं तर म्हणाले असते याला येत नाही. मराठी मीडियमचा आहे. म्हणून मी आधीच बोलून टाकलं."

मी म्हटलं, "नितीन, हे आत्ता तू जे बोललास ना, त्याला इंग्रजीत एक शब्द आहे, तुझ्या रिव्ह्यूमध्ये कोणीच लिहिला नाही तो. कॅन्डिड."

त्याला तो लग्नाच्या फोटोंमुळे माहीत होता, पॅकेजमध्ये कॅन्डिडचे वेगळे पैसे लावतात तो. तोच. पोज न देता जसे असतो तसं दिसणं. लॅटिनमध्ये मूळ अर्थ शुभ्र, रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे पांढरा झगा घालायचे म्हणून ते कॅन्डिडेट. (आजच्या कॅन्डिडेटांनाही पांढरा फार प्रिय, पुढचं मी बोलत नाही.) फ्रँक तुम्ही दुसऱ्याच्या कामाबद्दल खुशाल असू शकता. कॅन्डिड म्हटलं की त्यात बहुतेक वेळा स्वतःचंही काही उघडं पडतं, आपल्याला गैरसोयीचं असलेलंही.

नितीन म्हणाला, "म्हणजे मी लोकांबद्दल खरं बोलतो. माझ्याबद्दल नाही बोलत."

हे मी शिकवलं नव्हतं. मी फक्त शब्द ओळीने मांडले होते, बेरीज त्याने केली. मला विचाराल तर माझ्या कामाचा तोच क्षण, बाकी सगळी तयारी. स्पष्टवक्ता म्हणवणाऱ्या कितीतरी लोकांत मी हे बघितलंय, खरं बोलण्याची सगळी दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. सासूचं चुकलं, साहेबाचं चुकलं, हे खणखणीत. मला भीती वाटली, मला कळलं नाही, मला वाईट वाटलं, हे मात्र एकदाही नाही. त्याला मी तरी स्पष्टपणा म्हणत नाही.

त्याने मग त्या बाईंना लिहिलं की या भागाचा मी असा अर्थ घेतला, तुमचा वेगळा दिसतोय, मला तो पूर्ण कळलेला नाही, दहा मिनिटं बोलू या का. उत्तर आलं, मलाही तिथे शंका होतीच, बरं झालं विचारलंस. मॅनेजर अजूनही त्याला मीटिंगमध्ये ब्लंट म्हणतो, म्हणू दे. झोप लागतेय.

तुम्हालाही असा शब्द चिकटवला गेला असेल तर आधी शांतपणे विचारा, माझ्या कुठल्या वाक्यावरून? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मी गुरू मानते, त्याचं सांगणं हेच की वागण्याला मार्क द्या, अख्ख्या माणसाला नको. आणि हा एलिस स्वतः भर व्याख्यानात शिव्या द्यायचा, त्यामुळे त्याच्या पंथात ब्लंट माणसाला बंदी नाही. एक वाक्य ब्लंट होतं, एवढं कळलं की ते बदलता येतं, मी माणूसच ब्लंट आहे म्हटलं की एकतर रडायचं नाहीतर मिरवायचं, दोन्ही फुकट.

मेल पाठवायच्या आधी त्यात तुमच्याबद्दलचं एखादं खरं वाक्य आहे का बघा. तुटक वाटत असेल तर एक कारण जोडा, माफीची रांग लावू नका, तो वेगळाच आजार आहे. आणि इंटरव्ह्यूला जाणाऱ्या पोरापोरींनो, स्ट्रेंग्थमध्ये आय अ‍ॅम ब्लंट असं अभिमानाने लिहू नका, समोरचा ते तक्रार म्हणूनच वाचतो. स्ट्रेटफॉरवर्ड लिहा, आणि उदाहरण विचारलं तर असं द्या ज्यात चूक तुमची होती आणि ती तुम्हीच आधी सांगितली होती.